जडसनबाईंचा संसार
वाचावयाचा भाग : फिलिप्पै ४:१०–२०

मिशनरी कुटुंबास कशाचीच उणीव नसते, असें पुष्कळांस वाटतें. म्हणून आम्ही या पाठाकरितां ब्रह्मदेशांतील एक घर निवडिलें आहे. आदोनिराम व आन जडसन हीं सन १८१२ सालीं अमेरिकेहून निघालीं. मुंबईस आलेले हॉल साहेबही त्याच वर्षीं दुसऱ्या जहाजानें निघाले होते. जडसन उभयतां १८१३ सालीं रंगूनास पोहोंचलीं. तेथें झालेला त्यांचा मुलगा वर्षाचाही न होतां वारला.

१८२४ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपलें, तेव्हां आवा शहरीं जडसन साहेबांस तुरुंगांत घातलें. कैद्यांस सरकारांतून अन्न मिळत नसे. बाईच तें पोहोंचवीत. जानेवारी १८२५ त कन्या मरिया जन्मली. मे महिन्याच्या कडक उन्हांत कैद्यांस औंगपेनला गांवीं नेलें. तान्ही मुलगी व सांभाळलेल्या दोन ब्रह्मी मुली घेऊन बाई मागोमाग गेल्या. तेथें मुलींस देवी आल्या. पुढें बाई स्वतः अंथरुणास खिळल्या आणि त्यांचें दूध आटलें.

तेव्हां पहारेकऱ्यांस नजराणे देऊन साहेबांस थोडा वेळ बाहेर सोडविलें. ज्या लोकांस शिकवावयास ते आले होते, त्यांच्याच दारोदार ते मुलीस कडेवर घेऊन, लेकुरवाळ्या बायांपाशीं दूध मागत फिरले. त्या बाया ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनीं तिला पाजलें. बाईंनीं हें पुढें पत्रांत न लाजतां लिहिलें आहे.

आन जडसन आक्टोबर १८२६ त वारल्या, व सहा महिन्यांनीं मरियाही गेली. ब्रह्मी पवित्र शास्त्राचें भाषांतर साहेबांनीं १८३४ त पुरें केलें.

उपदेशकांनीं वर्गास विचारावें : अडचणीच्या वेळीं बिगरख्रिस्ती शेजाऱ्याच्या दारीं जावयास आपण कां संकोचतों?