नातीला गहू चालत नाही. मग बाहेर जेवायला जायचंच नाही का?

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या नातीला सीलिॲक असल्याचं निदान झालंय. घरी आम्ही नीट सांभाळतो, पण तेव्हापासून तिला घेऊन हॉटेलात जाणं जवळजवळ बंद झालं. गेलोच तर ती नुसता भात खाते आणि आमच्या घशाखाली घास उतरत नाही. चिमूटभर गहू पोटात गेला तर एवढं काय बिघडतं? आणि तिला सगळ्यांबरोबर पोटभर जेवता येईल असं आपल्याकडे काय मिळतं?
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, आधी चिमटीबद्दल. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांमधलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारं आतड्याचं अस्तर त्यामुळे झिजतं. मुलांमध्ये रक्त कमी होणं, वाढ खुंटणं असे परिणाम दिसतात. कधी कधी वरून काहीच त्रास जाणवत नाही, तरी आत इजा चालू असते. ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून चिमूटभराचं मोल कळेल. म्हणून ‘एक घास चालतोय की’ असं तिला घरात कुणीच म्हणू नये, पाहुण्यांनीही नाही.

आता चांगली बाजू. कोल्हापूरचं जेवण मुळात तिच्या सोयीचं आहे. तांबड्या रश्शाला दाटपणा येतो तो खोबरं-तिळाच्या वाटणानं. पांढरा रस्सा नारळाच्या दुधावर आणि खसखस-काजूवर उभा असतो. या दोन्हींत गव्हाचं काम नाही. सुकं मटण, भात, दही-कांदा हेही तिला चालण्यासारखं. म्हणजे तिचा भात नुसता राहायचं कारण नाही. फक्त ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, हिंग. बाजारातला बहुतेक हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. वरण, सांबार, पोहे, मिसळीचा कट अशी कुठलीही फोडणी त्यामुळे संशयास्पद ठरते. डबीवरचे घटक दाखवायला सांगा, किंवा हिंगाशिवाय फोडणी मागा. तयार मसाला वापरत असतील तर त्याचंही पाकीट बघा.

दुसरी, पीठ. ज्वारीची भाकरी चालते, पण त्याच परातीत कणीक मळली असेल, त्याच तव्यावर चपात्या भाजल्या असतील किंवा चक्कीवर गव्हामागून ज्वारी दळली असेल, तर ती भाकरी सुरक्षित राहत नाही. हॉटेलात याची खात्री मिळणं अवघड. म्हणून तिची भाकरी घरून न्या आणि मालकांना कारण स्पष्ट सांगा. आजारपणाची गोष्ट आहे म्हटल्यावर संकोच कसला?

तिसरी, कढई. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं. पण त्याच तेलात समोसे आणि पुऱ्या तळल्या असतील तर तो वडा तिच्यासाठी नाही. मासे तव्यावरचे असले तरी रव्यात घोळवलेले असतात. तांदळाच्या पिठात घोळवून, स्वच्छ तव्यावर, नव्या तेलात करून देतील का, ते विचारा.

नाश्त्याला जायचं असेल तर उपवासाचे पदार्थ आठवा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा या कशातच ग्लुटेन नाही. साबुदाण्याच्या खिचडीला तूप-जिऱ्याची फोडणी असते, हिंग सहसा नसतो. शिवाय उपवासाच्या पदार्थाला धान्याचा हात लागू नये, ही काळजी काही स्वयंपाकी घेतात, पण हॉटेलात ती गृहीत धरू नका; भांडी आणि तेल वेगळं आहे का, ते इथंही विचारा.  तळलेल्या वड्यापेक्षा खिचडी बरी. इडलीही चांगली, मात्र पिठात रवा घातलेला नाही ना हे विचारून, आणि सांबाराऐवजी फोडणी न घातलेल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर.

काही पदार्थ फसवतात. खपली पचायला हलकी म्हणून पुष्कळ जण सुचवतील. पण खपली हा गहूच आहे, तिची खीरही वर्ज्य. ताटातली कुरडई गव्हाच्या चिकाची असते. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी आणि हॉटेलांत गहू पडतो. फरसाणात मैद्याची पापडी असते, भेळेत पुरी. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस बहुधा गव्हापासूनच बनतो. गोडात गुलाबजाम, जिलेबी नको. श्रीखंड किंवा बासुंदी मागवा.

बोलताना ‘ग्लुटेन’ म्हणून थांबू नका. ‘गहू, कणीक, मैदा, रवा यातलं काहीच चालत नाही, चुकून गेलं तरी मुलीला इजा होते,’ असं सरळ सांगा, आणि वाढप्याबरोबरच आचाऱ्यालाही सांगा. रविवारी दुपारी दीडच्या गर्दीत हे कुणी ऐकून घेणार नाही. आदल्या दिवशी निवांत वेळी जाऊन बोला, आणि जेवायला लवकर पोहोचा; तेव्हा भांडी स्वच्छ असतात आणि आचारी मोकळा. जिथं नीट उत्तरं मिळतील ते एकच ठिकाण धरा. दहा हॉटेलं हिंडण्यापेक्षा ओळखीचा एक आचारी जास्त उपयोगाचा.

आणखी एक. हा आजार रक्ताच्या नात्यात आढळतो, म्हणून तिच्या भावंडांची आणि आईवडिलांची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. तपासणीआधी त्यांचा गहू मात्र बंद करू नका, नाहीतर निदान चुकू शकतं.

आणि पुढच्या वेळी तिलाच विचारा, आज काय खायचं? तिला चालेल ते सगळ्यांनीच मागवा. रस्सा-भाताच्या त्या ताटात तुम्हालाही काही कमी पडणार नाही, आणि आपल्यामुळे घरच्यांचा बेत बिघडतो असं त्या पोरीला वाटणार नाही.