मण्यांचे पान : हस्तव्यवसायाचा एक पाठ



कडुनिंबाचे पान फळ्यावर काढावयास सांगितले, तर बहुतेक मुले दोन्ही बाजू सारख्या असलेले पान काढतात. झाडावरचे पान तसे नसते. त्याच्या बुडाशी एक बाजू दुसरीहून रुंद असते आणि सारे पान कोयत्याप्रमाणे किंचित वळलेले असते. रोज दिसणारी वस्तू पाहिलेली असतेच असे नाही. ती पाहावयास लावणे हा या पाठाचा हेतू आहे.

मणिकाम आपल्या भागास नवीन नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात प्राचीन मणी पाहावयास मिळतात. लातूरच्या शाळांची सहल तेथे सहज जाऊ शकते.

काचेचा मणी कसा होतो, हे वर्गात तोंडी सांगावे. काचेची कांडी ज्योतीवर मऊ करून ती मातीचा लेप दिलेल्या लोखंडी सळईवर गुंडाळतात. लेपामुळे मणी सळईस चिकटत नाही. तो हळूहळू थंड करावा लागतो, नाहीतर तडकतो. हे काम कारागिराचे आहे. शाळेत काच वितळविण्याचा प्रयोग कदापि करू नये.

काचेतून निसर्ग घडविण्याचे एक थोर उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. लिओपोल्ड व रुडोल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी १८८७ ते १९३६ या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठासाठी सुमारे ७८० जातींच्या वनस्पती काचेत घडविल्या. वनस्पतिशास्त्र शिकविण्यासाठीच त्या हव्या होत्या. झाडे प्रत्यक्ष पाहावीत म्हणून रुडोल्फ १८९२ साली जमैका व अमेरिकेत गेला. आधी पाहणे, मग घडविणे, हा त्यांचा क्रम आपणही पाळावा.

साहित्य : हिरवे काचमणी, बारीक तांब्याची तार, कुंभाराची मळलेली माती.

कृती : प्रथम मुलांस झाडाखाली न्यावे व प्रत्येकाने एक पान वहीत काढावे. नंतर सुमारे ४० सें.मी. तारेच्या मध्यावर एक मणी घ्यावा. पुढच्या ओळीचे दोन मणी तारेच्या एका टोकात ओवावे व दुसरे टोक त्यांतूनच उलट दिशेने काढून ओढावे. याच रीतीने ३, ४, ५ आणि पुन्हा ४, ३, २, १ अशा ओळी घालाव्या. शेवटी दोन्ही टोकांना पीळ दिला की देठ होतो. एकूण मणी २५, म्हणजे ५ × ५. येथे गणिताचा पाठ आपोआप साधतो. निंबोळ्यांसाठी मातीचे मणी वळून, खराट्याच्या काडीने भोके पाडून, सावलीत वाळवावे व कुंभाराच्या भट्टीत भाजून घ्यावे.

शिक्षक असताना मी हा पाठ प्रथम घेतला, तेव्हा २५ मण्यांचा नमुना फळ्यावर काढून दिला. चाळीस पाने झाली आणि चाळीसही एकसारखी! मी समाधानात होतो. तेवढ्यात तांड्यावरून येणारी, एरवी मागे बसणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, लिंबाचं पान वाकडं असतं.” तिने आपले पान बोटांनी वळविले. वर्गात खरे पान तेवढे एकच होते. माझ्या नमुन्याने बाकीच्यांचे डोळे झाकले होते. तेव्हापासून मी नमुना देणे सोडले. केवळ ओवण्याची रीत दाखवितो. पानाचे बूड एका बाजूस रुंद कसे करावे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

त्या मुलीचा हात कोठे तयार झाला होता, हे मला मागाहून उमगले. किनवट-माहूर भागातील तांड्यांवर फेटिया-कांचळीवर मणी, कवड्या व आरसे जडविणाऱ्या स्त्रिया आजही आढळतात. अशा एखाद्या मातेस सन्मानाने शाळेत बोलवावे आणि त्या दिवशी शिक्षकाने मुलांमध्ये बसावे. आपली आई वर्गास शिकविते आहे, हे पाहणारे मूल उद्या मागच्या ओळीत राहणार नाही.

पाठाची परीक्षा सुबकतेवर करू नये. मुलाने केलेले पान झाडाच्या पानाशेजारी ठेवावे आणि इतकेच विचारावे : “तू यात काय पाहिलेस?”