खालची कड सांभाळ

पोरी, छपरावर सोलर बसवलंस, चांगलं केलंस. पण 'कोकणात पाऊसच धुतो, हात लावायचं कारण नाही' हे मनातून काढून टाक. पाऊस धुतो आणि घाणही करतो.

पॅनलची खालची कड बघ. पाऊस वरची धूळ ओढून खाली आणतो आणि चौकटीपाशी सोडून देतो. ॲल्युमिनियमची चौकट काचेपेक्षा जराशी उंच असते. तिथे पाणी थबकतं, गाळ बसतो आणि श्रावणापर्यंत त्यावर हिरवं शेवाळ धरतं. दोन बोटं रुंदीची ती पट्टी किरकोळ वाटते, पण आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. जोडीतला एक बैल रेंगाळला की दुसऱ्यालाही त्याच चालीनं चालावं लागतं, तसंच हे. झाकलेला सेल तापतो, तो त्रास वेगळाच. पॅनल जवळजवळ आडवं, १० अंशांपेक्षा कमी उतारावर असेल, तर पाणी जास्तच साचतं. म्हणून आपल्याकडे १५ ते १८ अंशांचा उतार बरा.

दव असतानाच पूस. दिवाळीनंतर रात्री काचेवर दव पडतं, चिऱ्याच्या खाणीची आणि रस्त्याची लाल धूळ त्यात कालवली जाते आणि ऊन आलं की घट्ट वाळते. रोज एक थर चढतो. पहाटे तो भिजून सुटलेला असतो, तेव्हा मऊ स्पंज नि रबरी वायपर पुरतो. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतशील तर काच तडकायची भीती.

पाणी गोडं वापर. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात आणि धुतल्याचं समाधान तेवढं उरतं. पागोळीचं साठवलेलं पाणी गाळून घे, ते उत्तम. काथ्या, राख, तारेची घासणी भांड्यांना. काचेवरचा चकाकी कमी करणारा लेप त्यानं खरवडला जातो. कपड्याची पावडरही नको. कावळ्याची शीट वाळली असेल तर खरवडू नकोस. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेव, आपसूक सुटते.

आंब्याच्या मोहोरावर नजर ठेव. तुडतुडे पडले की चिकट रस गळतो, पानं चकाकतात आणि मग त्यावर काळी बुरशी चढते. झाडाची फांदी पॅनलवर आली असेल तर काचेचीही तीच गत. हा चिकटा नुसत्या पाण्यानं जात नाही; कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाल आणि नंतर भरपूर पाण्यानं धुऊन काढ. फांदी छाटलीस तर सावलीही हटते.

समुद्र जवळ असेल तर वाऱ्यासोबत येणारा खार काचेवर बसतो. अधूनमधून गोड्या पाण्याचा फवारा दे आणि नटबोल्टला गंज धरलाय का तेही बघ.

जीव आधी, युनिट नंतर. पावसाळ्यात गच्ची आणि पत्रा दोन्ही निसरडे असतात. एकटीनं चढू नकोस. लांब दांड्याचा वायपर घे म्हणजे पॅनलवर पाय द्यायची वेळ येणार नाही; वजनानं आतले सेल बारीक तडकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. इन्व्हर्टर आणि डीसी स्विच बंद कर, पण उजेड आहे तोवर पॅनलमध्ये वीज आहे हे विसरू नकोस. काच फुटली असेल किंवा वायर सोललेली दिसली तर पाण्याची बादली खालीच राहू दे.

रोज पुसायची हौस नको. पाऊस सरल्यावर एकदा, मोहोर गळल्यावर एकदा, मृगाआधी एकदा. शीट पडली तर लगेच. बाकी वेळी इन्व्हर्टरचा आकडा बघ. तीन किलोवॅटला लख्ख उन्हात दिवसाला १२च्या आसपास युनिटं मिळायला हवीत. धुण्याआधीच्या आणि नंतरच्या लख्ख दिवसांचे आकडे वहीत लिहून ठेव. वाढ झाली तर घाण होती. आकडा कमी असून वाढ झालीच नाही तर दोष काचेवर नाही. फडकं ठेवून दे आणि पॅनल बसवणाऱ्याला बोलाव.