साथीचा तबला आणि 'मी'

प्रश्न : मी तबला वाजवतो. गायकाच्या साथीला बसलो की गुरुजी म्हणतात, 'साधा ठेका धर.' मग माझ्या रियाजाचा उपयोग काय? कलावंताने अहंकार मारूनच टाकायचा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साथ म्हणजे स्वतःला पुसून टाकणे, हा गैरसमज आहे. विलंबित ख्यालात ठेका हाच गायकाचा आधार असतो. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमऱ्यात गात, तेव्हा तबल्याकडून सरळ ठेकाच अपेक्षित असे. चौदा मात्रांचे एवढे लांब आवर्तन न डगमगता पेलण्यासाठी रियाज लागतो, आणि आत्मविश्वासही. तो मारायचा नसतो. आडवी येते ती दाद मिळवण्याची घाई : गायक स्वर लावून थांबतो, ती जागा रिकामी वाटते आणि हात वळवळू लागतो. गप्पांत समोरच्याचे वाक्य तोडणारा माणूस हेच करतो.

वाजवण्याच्या जागा मात्र असतात. गायक मुखडा धरून ठेवतो, तेव्हा छोटा तुकडा वाजवून समेवर यावे. ठुमरीच्या शेवटी लग्गीला तर भरपूर वाव. लय आणि मोकळीक किती, हे मैफलीआधीच विचारून घेणे उत्तम. लेहऱ्यावर स्वतंत्र वादनाची तयारी ठेवली, तर साथीत सगळे दाखवण्याची तगमग बरीच कमी होते. गायकाची सम चुकली, तरी ती मंचावर ठोकून दाखवू नये. ठेका स्पष्ट ठेवावा, गायक सावरतो.