वेधशाळेत शिकलेलं

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी पुण्यात, भारतीय हवामान विभागाच्या शिवाजीनगरच्या कचेरीत इंटर्न होते. विषय पावसाच्या जुन्या नोंदींचा. आता विद्यार्थी विचारायला येतात, तेव्हा त्यांना हे सांगते.

१. कागदपत्रं सुट्टीच्या खूप आधी उरका. बोनाफाईड, कॉलेजचं शिफारसपत्र, मार्गदर्शक शास्त्रज्ञांची लेखी संमती. फाईल टेबलाटेबलांवरून जाते, तिला वेळ लागतो.

२. आकडा कुठून येतो ते स्वतः पाहा. पहिल्याच आठवड्यात सकाळी ८.३० ला निरीक्षकाबरोबर पर्जन्यमापकाशी उभे राहा. आदल्या सकाळपासून साठलेलं पाणी मोजपात्रात ओतून वाचतात आणि तो २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेखाली लिहितात. एवढं कळलं नाही तर काय होतं? २६ जुलै २००५ घ्या. मुंबई बुडाली २६ तारखेला. सांताक्रूझची ९४४ मिलिमीटरची नोंद मात्र २७ च्या सकाळी ८.३० ला संपलेल्या २४ तासांची आहे. तारखा तशाच जुळवून पावसाचा तक्ता बातम्यांशी जोडला, तर पूर आधी आणि पाऊस नंतर दिसतो! त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. ‘मुंबईचा पाऊस’ असा एकच आकडा देणाऱ्या अहवालावर तेव्हापासून माझा विश्वास बसत नाही.

३. जुन्या कर्मचाऱ्यांपाशी बसा. माझ्या मते इंटर्नशिपचा खरा लाभ हाच. एखाद्या केंद्राचा पाऊस आलेखात अचानक घटलेला दिसला की नोंदी सांभाळणारे एक काका आधी विचारायचे, “तिथला मापक हलवलाय का, बघ.” शेजारी उभी राहिलेली इमारत, वाढलेलं झाड, बदललेला निरीक्षक, यातलं काहीच संगणकावरच्या तक्त्यात दिसत नाही. अशी माणसं निवृत्त झाली की ही माहितीही जाते. म्हणून ऐकलेलं लगेच केंद्राच्या नावासह वहीत लिहा आणि जुन्या नोंदवहीशी ताडून पाहा. चहाच्या वेळी मोबाईल खिशात ठेवा. मला सर्वांत जास्त तिथंच कळलं.

४. विषय लहान घ्या. दोन महिन्यांत ‘महाराष्ट्राचा मान्सून’ होत नाही, एका जिल्ह्यातले मुसळधार पावसाचे दिवस होतात. त्यासाठी विभागाचीच ६४.५ मिलिमीटरची मर्यादा धरा, म्हणजे तुमचे निष्कर्ष त्यांच्या इशाऱ्यांशी ताडता येतील. १९०१ पासूनची पाव अंशाच्या चौकटींतली रोजच्या पावसाची आकडेवारी पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. ती घरी बसून हाताळता येते. कचेरीतला वेळ घरी न मिळणाऱ्या गोष्टींना द्या.

५. निघताना काम दुसऱ्याला पुढे नेता येईल असं ठेवा. कोणत्या नोंदी वगळल्या आणि का, हे लिहून द्या. रिकामा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हे तर पहिल्याच पानावर लिहा.

आणि उन्हाळ्यात जाणार असाल, तर मुदत जूनच्या मध्यापर्यंत मागून घ्या. मान्सून पुण्यात पोचतो त्या दिवसांत तुम्ही त्या कचेरीत असायला हवं.