भांडेवाडीला जाशील तेव्हा

अगं, कॉलेजची सहल नागपूरला नीरी बघायला चाललीय हे सांगताना किती खुलली होतीस! आणि पुढे भांडेवाडीचं सांडपाणी केंद्रही आहे म्हणताना लगेच नाक मुरडलंस. माझं ऐकशील तर बघण्यासारखं जास्त तिथंच आहे.

नीरीचा इतिहास फलकावर मिळेल. 1958 मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरुवात, 1974 मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, हे आजचं नाव. लिहून घे आणि पुढे हो. तिथं विचारायचं ते फायटोरिड या त्यांच्या सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीबद्दल. गिट्टीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावतात, त्यांच्या मुळांशी सांडपाणी हळूहळू झिरपत जातं आणि मुळांजवळचे जीवाणू त्यातली घाण खातात. कर्दळ तर आपल्या परसातही आहे.

भांडेवाडीत मात्र मोठमोठे ब्लोअर पाण्यात हवा सोडत असतात. घाण खाणारे जीवाणू त्या हवेवर जगतात. तिथल्या ऑपरेटरदादांना विचार, "लाईन गेली तर काय करता?" साहेबांना नको, दादांनाच विचार, रात्रपाळी तेच करतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाईन किती टिकते हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा आपल्या कुरखेड्याला ब्लोअर परवडतील की कर्दळ, हे तूच मनाशी ठरव. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, ही गोष्ट सगळेच कौतुकाने सांगतील. तू मागे राहिलेल्या गाळाचं विचार. तो कुठे जातो?

आणखी एक, बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण खायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याच्या, तपासणीला नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. म्हणजे आजच्या पाण्याचं उत्तर आज कोणी देऊ शकत नाही. मागच्या आठवड्याचं रजिस्टर मागून बघ.

आता आपल्या दोघींतलं. पाळीची तारीख जवळ असली म्हणून घरी बसू नकोस. पॅड, जुने पेपर आणि एक काळी पिशवी बॅगेत टाक. वापरलेलं पॅड गुंडाळून वेगळ्या सॅनिटरी कचऱ्यात टाकायचं. 2016 च्या घनकचरा नियमांत ते सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. संडासात टाकलेली पॅडं अशा केंद्राच्या पहिल्या जाळीला येऊन अडकतात. जाळी तुंबली की ती मोकळी करायला माणूसच लागतो, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येतं हे आपल्याला ठाऊक आहे. याबद्दल मुलींच्या घोळक्यात कोणीतरी बोलायला हवं. तू बोल.

चप्पल नको, बूट घाल. निघायच्या आधी एक संध्याकाळ काढून आपल्या घरामागच्या नालीच्या काठाने शेवटपर्यंत चालत जा. आपलं पाणी कुठे जातं ते बघितलं नसेल तर भांडेवाडीत जाऊन नुसते फोटो काढशील.

एक गंमत सांगू? आपण बस करून नागपूरला शिकायला जातो, आणि बाहेरची माणसं शिकायला आपल्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात येतात. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव, अभ्यासगट करून एकमताने निर्णय घेणारं. तिथं तुमचं कॉलेज कधी गेलंय का? पुढची सहल तिकडे काढा म्हणून सरांना सांग.

बाबांशी मी बोलते. तू फॉर्म भरून टाक.