पोटातल्या कोकराचा वाटा

गारखेडा एके काळी गाव होतं. आज ते छत्रपती संभाजीनगरात आलं आहे. जिथं शेतं होती, तिथं घरं झाली. शहर वाढतं तसं चराईचं रान घटतं आणि मेंढरांची पायपीट वाढते. इतर मेंढ्या कसंबसं भागवतात. पण गाभण मेंढीचं काय? तिला दोन जीव जगवायचे असतात.

"मेंढीला कसला खुराक? ती रानात खाते की!" असं आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. हे खरं आहे का, ते पाहू.

मेंढी सुमारे 150 दिवसांनी विते. पहिले साडेतीन महिने कोकरू हळू वाढतं. शेवटच्या 6 आठवड्यांत मात्र ते झपाट्यानं वाढतं. जन्माच्या वेळच्या वजनाचे तीन भाग केले, तर जवळजवळ दोन भाग याच दिवसांत भरतात. त्याच वेळी कोकरू आईच्या पोटात जागा अडवतं. तिला पोटभर चारा खाता येत नाही. भूक मोठी, जागा थोडी! म्हणून थोडक्यात बळ देणारा खुराक हवा.

10 किलो खुराक असा करा:

मका किंवा ज्वारीचा भरडा – 5 किलो
शेंगदाण्याची पेंड – 3 किलो
तुरीची चुणी किंवा गव्हाचा कोंडा – 1 किलो 700 ग्रॅम
खनिज मिश्रण – 200 ग्रॅम
मीठ – 100 ग्रॅम

पेंडीला बुरशी नसावी. सुरुवातीला रोज 100 ग्रॅम द्या. आठवड्याभरात 250 ग्रॅमपर्यंत न्या. एकदम जास्त दिलं तर पोट बिघडतं. सोबत चारा आणि स्वच्छ पाणी हवंच. 10 किलोत एका मेंढीचे हे दिवस निघतात.

खुराक न दिला तर? मेंढी अंगातली चरबी जाळून कोकराला पोसते. मग ती सुस्त होते, कळपामागं रेंगाळते, खाणं सोडते. पोटात जुळी असतील तर धोका अधिक. अशी मेंढी दगावते. तेव्हा लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मेंढी वाचली तरी कासेत दूध कमी येतं आणि कोकरू दुबळं निघतं. 10 किलो खुराक महाग, की मेंढी आणि कोकरू दोन्ही गमावणं महाग? हिशेब तुम्हीच करा.

कोकरू जन्मलं की तासाभरात त्याला आईचा चीक पाजा. चीक हे त्याचं पहिलं औषध आहे.

आता तुम्हाला लिहिता येतं. मेंढीला नर दाखवला, तो दिवस वहीत लिहा. तिथून 108 दिवस मोजा. जपमाळेत मणी तेवढे दिवस! आषाढी एकादशीला नर दाखवला असेल, तर मध्ये अधिक महिना नसताना दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास ते भरतात. त्या दिवशी घरात गोडधोड होतं. गाभण मेंढीचा खुराकही त्याच दिवशी सुरू करा.